लिस्बन ऐकत फिरायचं तर

मोबाइलवर ऑडिओ टूर लावून मी पहिल्यांदा लिस्बन फिरलो तेव्हा दीड तास एकही थांबा चुकवला नाही. संध्याकाळी आईने फोनवर विचारलं, "काय काय पाहिलंस?" तर मला एक घोड्यावरचा राजा आणि दोन चढ एवढंच सांगता आलं. कानातला माणूस बोलत होता आणि मी त्याला गाठायला पळत होतो. पुढच्या खेपेला आई-बाबा बरोबर होते. दोघांनाही इंग्रजी येतं, पण चालता चालता, परक्या हेलातलं, भरभर बोललेलं नाही कळत. म्हणून मी आदल्या रात्री हॉटेलात बसून मराठीत छोटे छोटे तुकडे रेकॉर्ड केले. त्यांना ऐकवताना जागोजागी थांबावं लागलं, आवाज बंद करावा लागला, आणि तेव्हा कुठे मलाही शहर दिसलं.

त्यामुळे नवख्या माणसाला माझं पहिलं सांगणं असं, की टूर दोन तासांची असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. ऐकायचं उभं राहून किंवा बसून. चालताना शक्यतो कान मोकळे.

निघण्याआधी

ऑडिओ टूर दोन जातींच्या असतात. एक जीपीएसवर चालणारी. तुम्ही ठरावीक जागी पोचलात की आवाज आपोआप सुरू होतो, व्हॉइसमॅप हे त्यातलं ओळखीचं ॲप. दुसरी, थांब्यांचे क्रमांक असलेली. तिथे पोचून आपण बटण दाबायचं. इझी ट्रॅव्हलवर अशा बऱ्याच टूर फुकट मिळतात. लिस्बनच्या सपाट भागात पहिली जात मस्त चालते. पण अल्फामा या जुन्या वस्तीतल्यासारख्या दोन हात रुंदीच्या बोळांत फोनवरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो आणि आपण चर्चसमोर उभे असताना कानात कारंज्याची गोष्ट सुरू होते. म्हणून जीपीएसची टूर घेतलीत तरी त्यातले तुकडे हाताने लावता येतात का, ते आधी बघून घ्या.

निवडताना वर्णनाला भुलू नका, घरीच पहिले दोन तुकडे ऐका. एक तुकडा तीन मिनिटांपेक्षा लांब असेल तर भर उन्हात चौकात उभं राहून तो ऐकवत नाही. आणि "कुठे उभे राहा, कुठे बघा" हे जो निवेदक आधी सांगत नाही, त्याच्याकडे माहिती कितीही असली तरी उपयोग नाही.

टूर आणि नकाशा दोन्ही हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या. मग इंटरनेट नसलं तरी अडत नाही, जीपीएसला डेटा लागत नाही. नकाशा, आवाज आणि फोटो असं तिन्ही चालू असलं की दुपारपर्यंत बॅटरी रडते, तेव्हा पॉवर बँक हवीच. इअरफोन एकाच कानात घाला. रस्ते अरुंद, ट्राम वळणावरून अचानक अंगावर येते, आणि तिची घंटा ऐकू आली पाहिजे. मी तर वायरचेच नेतो. बिनवायरचा एक इअरफोन अल्फामाच्या पायऱ्यांवरून घरंगळत गेला तो कायमचा.

पायात काय घालता हे टूरपेक्षा महत्त्वाचं. लिस्बनचे पदपथ म्हणजे चुनखडीच्या छोट्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांची जडणघडण, तिला काल्सादा म्हणतात. दिसायला रांगोळी, पण शे-दीडशे वर्षं पाय घासून गुळगुळीत झालेली. पावसाची सर आली की तिच्यावरून माणसं रीतसर घसरतात. चपला, सपाट तळाचे बूट नकोत. पकड असलेले बूट घाला, नवे कोरे मात्र नकोत.

मराठीत स्वतः रेकॉर्ड करायचं असेल तर

घरची वडीलधारी माणसं बरोबर असतील तर हा उद्योग जरूर करा. एका थांब्याला दीडशे शब्द पुरतात, वाचायला दीडेक मिनिट लागतं. तुकड्याचा क्रम असा ठेवा: आधी कुठे उभं राहायचं, मग कुठे बघायचं, मग गोष्ट, आणि शेवटी पुढचा रस्ता. "डावीकडे वळा" म्हणू नका, ऐकणारा कुठे तोंड करून उभा आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. "नदी पाठीशी ठेवा" असं म्हणा. फाइलींच्या नावाआधी 01, 02 असे आकडे घाला, नाहीतर फोन त्यांचा क्रम स्वतःच्या मर्जीने लावतो. व्हॉइस नोट करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. मी तेच केलं होतं, आणि चौथा थांबा मावशीच्या सुप्रभातच्या फुलांखाली गाडला गेला.

सगळ्या थांब्यांना जोडणारा एकच धागा निवडा. लिस्बनपुरता तो निवडायला डोकं खाजवावं लागत नाही. 1 नोव्हेंबर 1755, सकाळी साडेनऊच्या सुमारास. सर्व संतांचा सण, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि अटलांटिकच्या तळाशी मोठा भूकंप झाला. जी माणसं पडत्या भिंतींपासून वाचायला नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावली त्यांच्यावर थोड्या वेळाने त्सुनामीच्या लाटा आल्या. उरलेलं आगीने खाल्लं, ती कित्येक दिवस विझली नाही. आजच्या लिस्बनमध्ये कुठेही उभे राहा आणि स्वतःला विचारा, हे त्याच्या आधीचं की नंतरचं? सरळ रस्ता असेल तर नंतरचं. वाकडा असेल तर बहुधा आधीचं. एवढी एक किल्ली खिशात असली की निम्म्या तुकड्यांची गरजच उरत नाही.

सकाळ: नदीकाठापासून

आठच्या सुमारास प्रासा दो कोमेर्सियो या चौकात पोचा. निळ्या मार्गावरचं तेरेरो दो पासो हे मेट्रो स्थानक अगदी कोपऱ्यावर आहे. 'तेरेरो दो पासो' म्हणजे राजवाड्याचं अंगण. लिस्बनची जुनी माणसं या चौकाला अजून तेच नाव वापरतात, राजवाडा जाऊन पावणेतीनशे वर्षं होत आली तरी.

आधी चौकाकडे पाठ करा आणि नदीकडे जा. तेजो नदी इथे इतकी रुंद आहे की पहिल्यांदा बघणारा तिला समुद्रच समजतो. काठावर दोन दगडी खांब आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, तो काइस दास कोलुनास. पहिला तुकडा इथे बसून ऐका. इथे राजाचा रिबेरा राजवाडा होता, आणि त्याच्याशीच जोडलेली 'कासा दा इंडिया', म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. गोवा, कोची, वसई, चौल इथल्या व्यवहाराचा हिशेब या काठावर होत असे. मिरी उतरायची ती इथे. 1755 साली राजवाडा, कचेरी, राजाचं ग्रंथालय आणि त्याच वर्षी सुरू झालेलं ऑपेराघर, सगळं गेलं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती 1739 साली. म्हणजे तिच्या पाडावाची बातमी ज्या वाड्यात पोचली, तो वाडा पुढे सोळाच वर्षं उभा होता. बाबांना हा हिशेब इतका आवडला की ते पायरीवरून उठेनात.

आता वळा. घोड्यावरचा राजा म्हणजे पहिला जुझे, भूकंपाच्या वेळचा. शिल्पकार माशादो दे कास्त्रो, साल 1775. घोड्याच्या पायाखाली साप आहेत ते सगळे बघतात. चौथऱ्याच्या बाजूला हत्ती आहे तो बघायला मात्र फेरी मारावी लागते. या राजाने भूकंपाची इतकी धास्ती घेतली की पुढे तो दगडी छताखाली राहायला तयार नव्हता. आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकडी वाडा बांधला, आणि लोक त्याला सरळ 'शाही बराक' म्हणायचे. शहर उभं केलं ते त्याच्या मंत्र्याने, ज्याला आपण मार्केस दे पोंबाल म्हणून ओळखतो. याच चौकात 1 फेब्रुवारी 1908 रोजी राजा कार्लोस आणि युवराज यांना गोळ्या घातल्या गेल्या. दोन वर्षांनी राजेशाहीच गेली.

कमानीखालून रुआ आउगुस्तात शिरा. आवाज बंद. इथे ऐकण्यासारखं थोडं आणि बघण्यासारखं बरंच आहे, तेही मुख्य रस्त्यावर नाही. मुख्य रस्त्यावर पर्यटकांचे फोटोवाले मेनू आहेत. त्याला समांतर असलेल्या गल्ल्यांत जा आणि पाट्या वाचा. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, खोगीरवाल्यांचा, मुलामा देणाऱ्यांचा, कापडवाल्यांचा. पुण्यात तांबट आळी, कासार आळी म्हणतो तसंच, फरक एवढाच की इथे या आळ्या हळूहळू वसल्या नाहीत, नकाशावर पट्टीने रेघा मारून वाटून दिल्या. या सपाट भागाला बायशा म्हणतात, म्हणजे खालचा भाग. मानुएल दा माया या वयोवृद्ध लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली आखणी झाली. घरांच्या भिंतींच्या आत लाकडी चौकट आहे, फुल्या-फुल्यांची, तिला 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. धरणी हलली तर चिरे निखळतील, पण पिंजरा डुलून उभा राहील, अशी कल्पना. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावून त्याची परीक्षा घेतली असं सांगतात. जमीन नदीच्या गाळाची, म्हणून पाया ओल्या पाइनच्या खांबांवर. खांब पाण्यात बुडालेले राहिले तर कुजत नाहीत.

खोगीरवाल्यांच्या, म्हणजे कोरेइरोस रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली हे खांब बघायला मिळतात, आणि त्यांच्याही खाली रोमन काळातले मासे खारवण्याचे हौद. प्रवेश फुकट, पण त्यांच्याच माणसाबरोबर ठरलेल्या वेळी, म्हणून आधी वेळ घेऊन ठेवा. कोकणातल्या माणसाला ते हौद बघून सुकटीची आठवण आली नाही तरच नवल.

रोसियू आणि जळकं चर्च

रस्ता संपतो तो रोसियू चौकात. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. फार वेळ खाली बघत चाललात तर सपाट जागेवर तोल गेल्यासारखं वाटतं. मधल्या खांबावर चौथा पेद्रू, जो ब्राझीलचा पहिला सम्राटही होता. समोर खांबांचं राष्ट्रीय नाट्यगृह. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा वाडा होता. गोव्यात 1560 साली जे इन्क्विझिशन बसलं त्याची मुळं या कोपऱ्यात आहेत, आणि बहुतेक इंग्रजी टूर हा दुवा एका वाक्यातही देत नाहीत. आपल्या तुकड्यात तो असू द्या.

नाट्यगृहाच्या उजव्या हाताने मागे गेलात की सांव दोमिंगोस चर्च. आत जाताना इअरफोन काढून खिशात ठेवा, ऐकायचं ते बाहेर ऐकून घ्या. 1959 साली हे चर्च आतून जळलं. दुरुस्त करताना त्यांनी खांबांवरचे चट्टे, तडकलेले दगड तसेच ठेवले आणि वर नवं लालसर छत घातलं. मी युरोपात पुष्कळ देखणी चर्चं पाहिली आहेत, पण यातलं जे मनात राहतं ते त्यांतल्या एकातही नाही. बाहेर चौकात एक छोटं स्मारक आहे, 1506 साली इस्टरच्या दिवसांत इथे सुरू झालेल्या ज्यूंच्या हत्याकांडाचं. त्याच्याशेजारी दुपारी वयस्क आफ्रिकन माणसं गप्पा मारत बसलेली असतात.

जवळच हातभर रुंदीचं दुकान आहे, जिंजिन्याचं. आंबट चेरीची गोड दारू, घोटभर. दुकानदार विचारतो, "कोम एलास ओउ सेम एलास?" म्हणजे 'त्यांच्यासकट की त्यांच्याशिवाय', 'त्या' म्हणजे पेल्यातल्या चेरी. न पिणाऱ्यांनी नुसती रांग बघावी, तीही करमणूकच.

कार्मो: छप्पर नसलेलं देऊळ

इथून वर कार्मोच्या मठाकडे जायचे तीन मार्ग. पहिला 1902 सालचा सांता जुस्ताचा लोखंडी उद्वाहक, 45 मीटर उंच. तो चालू आहे का ते त्या दिवशी बघून घ्या, आणि चालू असला तरी रांग बघा. माझ्या मते अर्धा तास उभं राहून दोन मिनिटं वर जाण्यात हशील नाही, खालून बघितला की पुरे. दुसरा, रोसियूच्या बाजूच्या पायऱ्या. तिसरा मला आवडतो तो: बायशा-शियादो मेट्रो स्थानकात बायशाच्या दाराने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी शियादोच्या दाराने बाहेर पडा. तिकिटाच्या फाटकातून जावं लागत नाही, आणि अख्खी टेकडी चढून होते. वर आलात की कॅफेसमोर टोपी घातलेला कवी फर्नांदो पेसोआ ब्राँझमध्ये बसलेला आहे, शेजारी रिकामी खुर्ची. तिथे फोटोची रांग असते.

कार्मोचा मठ 1389 साली सुरू झाला. भूकंपात छप्पर कोसळलं, कमानी राहिल्या, आणि ते तसंच ठेवलं. आत वस्तुसंग्रहालय आहे, रविवारी बंद. मधोमध गवतावर उभं राहून वर बघा: दगडी फासळ्या आणि त्यांच्यामधून आकाश. इथे आईला तुकडा ऐकवायचा राहूनच गेला, कारण तिने आल्या आल्या इअरफोन काढून ठेवला. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चं बघत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही.

मठाबाहेरच्या छोट्या चौकात मात्र जरूर ऐका. 25 एप्रिल 1974 रोजी हुकूमशाही राजवटीचा पंतप्रधान मार्सेलो कायतानो इथल्या छावणीत लपला होता. कॅप्टन साल्गेइरो माया आपल्या तुकडीसह बाहेर उभा राहिला, चौकात माणसांचा पूर आला, आणि संध्याकाळी सत्ता सोपवली गेली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी तांबडी कार्नेशनची फुलं खोचली. गोवा 1961 साली मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते कागदावर मान्य केलं या दिवसानंतर, 31 डिसेंबर 1974 च्या कराराने. त्यामुळे हा चौक आपल्याही इतिहासात मोडतो.

दुपारचं पोट

बायशाच्या मुख्य रस्त्यावर जेवू नका, एवढं पुरेसं आहे. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, कोणी वाईट मानत नाही. शाकाहाऱ्यांनी 'काल्दो वेर्दे' या हिरव्या सूपला फसू नये, त्यात सॉसेजची चकती असते. "सेम कार्न", मांसाशिवाय, असं म्हणायला शिका. अगदीच भाजी-भाताची ओढ लागली तर मार्तिम मोनिझ चौकाच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी खाणावळी आणि वाणसामानाची दुकानं आहेत. कस्टर्डच्या छोट्या वाट्या, पास्तेल दे नाता, गरम असतानाच खा, त्यात अंडं असतं.

शेजारच्या टेबलावरचं बोलणं कान देऊन ऐका. पाव, बटाटा, अननस, काजू, कोबी, चावी, बादली, पगार, लिलाव, नाताळ. आपण हे शब्द त्यांच्याकडून घेतले आणि इतके घरचे करून टाकले की इथे ऐकताना त्यांनीच आपल्याकडून घेतल्यासारखे वाटतात. आमच्या टेबलावर हा खेळ तासभर चालला. बाबांनी 'घमेलं'सुद्धा त्यांचंच हे कळल्यावर पुन्हा कॉफी मागवली. इथे छोट्या कडक कॉफीला 'बिका' म्हणतात. पैसे देण्याआधी स्वच्छतागृह वापरून घ्या, पुढच्या भागात ते सहज मिळत नाही.

दुपारनंतर: वर न चढता किल्ल्यावर

सांव जोर्जच्या किल्ल्यावर जायला सगळे 28 नंबरच्या ट्रामसाठी रांग लावतात. ट्राम सुंदर आहे, पिवळी, लाकडी, कुरकुरणारी. पण दिवसा ती खच्चून भरलेली असते आणि खिसेकापूंचा तो हक्काचा अड्डा. कानात इअरफोन, नजर खिडकीबाहेर, असं सावज त्यांना आणखी काय हवं? बसायचंच असेल तर सकाळी अगदी लवकर बसा.

त्याऐवजी कापडवाल्यांच्या रस्त्यावर, रुआ दोस फांकेइरोसवर, 170 च्या आसपासच्या क्रमांकाची इमारत शोधा. तिच्यात नगरपालिकेची फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या माडालेना रस्त्यावर सोडते. तिथून चौक ओलांडून शाओं दो लोरेइरोला जा, सुपरमार्केट असलेल्या पार्किंगच्या इमारतीत दुसरी फुकट लिफ्ट मिळते. तिच्यातून बाहेर पडलात की किल्ला थोड्याशाच चढावर. गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी या लेखातली ही सर्वात कामाची ओळ समजा.

किल्ला 1147 साली पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याने मुसलमान राज्यकर्त्यांकडून घेतला, वाटेत असलेल्या धर्मयोद्ध्यांच्या मदतीने. आज दिसणारे बुरूज विसाव्या शतकात बऱ्यापैकी डागडुजी केलेले आहेत, तेव्हा भिंतीला हात लावून फार गहिवरू नका. बघायचं ते खाली. सकाळी चाललेला बायशाचा चौकोनी नकाशा इथून लख्ख दिसतो, आणि दुसऱ्या बाजूला अल्फामाची छपरं, जिथे एक भिंत दुसरीला समांतर नाही. इथल्याच एका मनोऱ्यात राज्याचं दफ्तर असे, तोरे दो तोंबो. भूकंपात मनोरा पडला, पण कागद वाचवले गेले. त्याच दफ्तरखान्यात आज गोव्याहून गेलेली पत्रव्यवहाराची बाडं आहेत. दफ्तर आता शहराच्या दुसऱ्या भागात नव्या इमारतीत आहे, नाव मात्र मनोऱ्याचंच.

अल्फामा: इथे हरवायचं

किल्ल्यावरून सांता लुझियाच्या सज्जावर उतरा. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचं एक चित्र आहे, भूकंपाआधीच्या राजवाड्याच्या चौकाचं. सकाळी जिथे बसला होता ती जागा, न पडलेली. टूरचा हा तुकडा इथे लावा. सकाळी चौकात लावलात तर कल्पना करावी लागते, इथे ती करावी लागत नाही.

शेजारच्या पोर्तास दो सोलपासून पायऱ्या उतरायला लागा आणि फोन खिशात टाका. अल्फामा हे नाव अरबीतून आलं, गरम पाण्याचे झरे आणि न्हाणीघरांवरून. ही वस्ती खडकावर आहे, गाळावर नाही, म्हणून 1755 चा धक्का तिने बराचसा पचवला. नकाशा इथे चालत नाही, चालवायचाही नाही. नियम एकच: उतार धरा. कुठल्याही बोळाने उतरलात तरी शेवटी नदीकडेच निघता. वाटेत वाळत घातलेले कपडे, खिडकीतली आजी, पिंजऱ्यातला पक्षी. लोकांच्या दारात, खिडकीत फोन रोखून फोटो काढू नका. ही माणसं राहती आहेत, आणि भाड्याच्या खोल्यांनी निम्मे शेजारी आधीच हुसकले आहेत.

जूनमध्ये गेलात तर 12 तारखेची रात्र साधा. संत अँथनी इथलाच, 'पाडुआचा' हे नाव नंतरचं. त्याच्या सणाला बोळाबोळांत सार्डिन भाजतात, तारल्याच म्हणा ना, आणि छोट्या कुंडीतून तुळशीच्या जातीचं झाड विकायला असतं, कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेलं. त्याला नाक लावायचं नाही, पानांवरून हात फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. आईने हे न शिकवता केलं. त्या रात्री ऑडिओ टूर अर्थातच विसरा.

उतरून खाली आलात की फाडोचं संग्रहालय. फाडो म्हणजे इथलं विरहाचं गाणं. संग्रहालयात कानाला लावायची यंत्रं मिळतात, आणि बसून ऐकण्यासाठी दिवसातली ही सर्वात चांगली जागा. सोमवारी बंद.

नदीकाठाने परत

नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चाला. दहा मिनिटांत टोकदार हिऱ्यांसारखे दगड बसवलेली भिंत दिसेल, ती कासा दोस बिकोस. 1523 च्या सुमाराला हे घर बांधलं ब्रास दे अल्बुकर्कने, गोवा घेणाऱ्या अफोन्सो दे अल्बुकर्कच्या मुलाने. अफोन्सोच्याच नावावरून आपला हापूस. भूकंपात वरचे मजले गेले, ते 1980 च्या दशकात पुन्हा चढवले, आणि खिडक्यांकडे बघून जुनं-नवं सहज ओळखता येतं. आता तिथे जुझे सारामागो प्रतिष्ठान आहे. समोर एक ऑलिव्हचं झाड आहे. नोबेल मिळालेल्या या लेखकाच्या गावाहून ते आणलं आणि त्याच्या मुळाशी त्याची रक्षा आहे. बाकावर बसा, शेवटचा तुकडा ऐका. पायांत दम असेल तर मागच्याच चढावर 'से', म्हणजे शहराचं मुख्य चर्च आहे, 1147 च्या विजयानंतर मशिदीच्या जागी उभं राहिलेलं, चर्च कमी आणि गढी जास्त. नसेल तर सरळ चालत सकाळच्या चौकात पोचा. वर्तुळ पूर्ण, चार-पाच किलोमीटर.

फसलं तर

तुकडा अर्ध्यात तुटला, रस्ता चुकला, तर मागे जाऊन तो थांबा शोधत बसू नका. पुढचा लावा. फोनच बंद पडला तर नदी कुठे ते बघा. तीही दिसत नसेल तर किल्ला दिसेल. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून वेगळ्या खिशात ठेवा. आणीबाणीचा नंबर 112. मेट्रो-ट्रामसाठी नवेगान्ते कार्ड घ्या, प्रत्येक माणसाला वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी 1 ते 4 सावलीत काढा.

बेलेंला, म्हणजे नदीकाठाने पश्चिमेला असलेल्या भागात, त्याच दिवशी जाऊ नका. जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. तो 1524 साली कोचीत वारला, अस्थी नंतर पोर्तुगालला गेल्या. ते सगळं नीट बघायला दुसरा अर्धा दिवस लागतो. 15 नंबरची ट्राम तिकडे जाते. मठ सोमवारी बंद असतो, आणि दर वेळी सोमवारी त्याच्या दाराशी मराठी बोलणारी दोन-चार माणसं तरी हिरमुसून उभी असतात. एकदा त्यांत मीही होतो.